ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन बदललं, आता सेल्फ कधी घेतो कधी नुसता टक् करतो

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, सगळं वाचून मग सांगा ही विनंती.

गाडी सिव्हिक १.८ ऑटोमॅटिक, २०१० चं मॉडेल, एमएच-०९ पासिंग. वडिलांची गाडी. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा क्लच दाबवत नव्हता म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतलेली. जुलै २०२१ च्या पुरात नागाळा पार्कातल्या आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाणी आलं, तळमजल्याचं सामान वर न्यायच्या गडबडीत गाडी हलवायची राहून गेली. पाणी उतरल्यावर धाकट्या भावानं बघूया म्हणून एकदा सेल्फ मारला आणि तिथंच इंजिन लॉक. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. विम्यात इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं नव्हतं त्यामुळं तिकडून काही मिळालं नाही. मग गाडी तीन-साडेतीन वर्षं ताडपत्रीखाली उभी.

आता वडिलांनीच विषय काढला की गाडी चालू कर, मला परत चालवायची हाय. मागून धडकलेल्या एका मॅन्युअल सिव्हिकचं इंजिन मिळालं, कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून घेतलं, इथल्याच एका गॅरेजमध्ये बसवलं. गिअरबॉक्स आमचाच जुना, तेल बदलून. इंजिन चालू झाल्यावर एकदम मऊ चालतंय, त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार सेल्फची. सकाळी गार असताना दहातल्या सात वेळा घेतो पण जड घेतो. गाडी फिरवून आणली, बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी परत चावी फिरवली की नुसता एक टक्, बास. अर्धा तास थांबलं की परत घेतो. आणि कधीकधी 'पी' म्हणजे पार्कमध्ये टक् पण नाही, डॅश चालू, पंखा चालू, सेल्फला आवाजच नाही, 'एन' म्हणजे न्यूट्रलमध्ये टाकली की निदान टक् तरी होतं. बॅटरी नवीन टाकली. सेल्फ मोटर आधी डोनर इंजिनवरचीच होती, ती खराब म्हणून आमची जुनी रिपेअर करून टाकली, तरी तेच, मग तिसरी विकत घेतली, तरी तेच. गॅरेजवाले आता म्हणतात चौथी बघूया. मला पटेना झालंय. काय करू?

---

शाहूपुरी_३ | सोमवार, रात्री १०:४१

भावा बॅटरी कितीची टाकलीस? नवीन म्हणून दुकानात सहा महिने पडून असलेली पण देतात. आधी तेवढं बघ.

---

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १०:५५

बघितली दादा. सकाळी गाडीला हात न लावता १२.६ व्होल्ट. दुकानात लोड टेस्ट पण करून आणली, पास.

---

सेल्फवाला_उद्यमनगर | सोमवार, रात्री ११:३०

मी उद्यमनगरात वीस-बावीस वर्षं सेल्फ आणि अल्टरनेटरचंच काम करतोय, आर्मेचर भरण्यापासून. तुमची पोस्ट दोनदा वाचली. साहेब, तीन मोटरी बदलून आवाज तोच येत असेल तर दुखणं मोटरीत नाही. चौथी घेऊ नका.

आधी आवाज ओळखायला शिका, निम्मं निदान तिथंच होतं. चावी फिरवल्यावर टकटकटकटक असं झरझर वाजलं तर करंट अपुरा आहे, म्हणजे बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल सैल. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेचा स्विच, आत ओढतो, मोटरीनं करंट घेतला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढतो, म्हणून तो झरझर आवाज. घुर्रर्र करून मोटर नुसतीच फिरली आणि इंजिन हललं नाही तर बेंडिक्स, म्हणजे मोटरीच्या टोकाचा बारका गिअर, घसरतंय नाहीतर तो इंजिनच्या ज्या दात्यांच्या रिंगला फिरवतो तिचे दात गेलेत. खरखर दात घासल्यासारखा आवाज आला तर मोटर आणि रिंग एका लायनीत नाहीत, तेव्हा लगेच थांबायचं, रिंग जाते. एकच घट्ट टक् आला तर सोलेनॉइडनं आपलं काम केलंय पण मोटरीला जेवढा करंट पाहिजे तेवढा पोचत नाही, नाहीतर इंजिनच जाम आहे. आणि काहीच आवाज नाही म्हणजे सोलेनॉइडच्या बारक्या वायरीवर सिग्नलच येत नाही.

आता तुमचं बघा. तुमच्याकडं एक टक् पण आहे आणि शांतता पण आहे. हे दोन वेगळे आजार आहेत हो. एकच समजून बसलात म्हणून सापडेना झालंय. गॅरेजवाल्यांची पण तीच चूक झालेली दिसते.

चारच गोष्टी सांगा. इंजिन डोनरचं मॅन्युअल होतं म्हणता, मग फ्लायव्हील काढून तुमची जुनी फ्लेक्सप्लेट, म्हणजे ऑटोमॅटिकची पातळ चकती, बसवली ना? 'पी' मध्ये शांत असते तेव्हा डॅशवरचा पी चा दिवा लागलेला असतो का? टक् करते तेव्हा हेडलाइट मंद होतात की तसेच राहतात? आणि गाडी चालू असताना बॅटरीवर चार्जिंग किती दाखवतंय?

---

इचलकरंजी_लूम | मंगळवार, सकाळी ७:१०

सेल्फवाले अण्णांनी बरोबर रस्ता धरलाय, पण इंजिन बदललेल्या ऑटोमॅटिकमध्ये एक गोष्ट आधी खात्री करून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा. गिअरबॉक्स जोडताना कन्व्हर्टर आतल्या पंपात पूर्ण बसला नसेल आणि बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाचे, बोल्ट ओढून ओढून जुळवले असतील तर पंप चिरडतो आणि इंजिन हातानं पण फिरत नाही. बरोबर बसलेला कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटपासून थोडा आत असतो, बोल्ट लावताना पुढं ओढून घ्यावा लागतो. गिअरबॉक्स इंजिनला हातानं सरकवून टेकला पाहिजे, बोल्टनं खेचावा लागला तर तिथंच थांबायचं असतं.

दुसरं म्हणजे डॉवेल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन पोकळ पिना असतात, जुनं इंजिन उतरवताना त्या जुन्याच इंजिनात अडकून भंगारात जातात. त्या नसल्या की नुसत्या बोल्टवर गिअरबॉक्स केसभर इकडंतिकडं बसतो आणि सेल्फ वाकडा धरतो.

स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीला गोटी पाना लावून हातानं दोन चक्कर फिरवून बघा. कुठं अडकतंय का, एका जागी जड होतंय का. दहा मिनिटांचं काम आहे.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९:०५

आज संध्याकाळी हे सगळं केलं, वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते.

प्लग काढून हातानं फिरवलं, एकदम सरळ फिरतंय, कुठं अडकत नाही. फ्लेक्सप्लेट आमचीच जुनी, डॉवेल दोन्ही आहेत, गॅरेजमध्ये फोन करून विचारलं, शिवाय तिथल्या पोरानं काम चालू असतानाचे फोटो पाठवले त्यात पण दिसतायत. खरखर आवाज कधीच आला नाही.

पी चा दिवा. अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदा लक्ष दिलं. शांत असते तेव्हा पी चा दिवा लागत नाही! लिव्हर जरा हलवला, पुढं दाबून धरला की लागतो, मग टक् येतो.

टक् करताना हेडलाइट जवळजवळ तसेच राहतात, किंचित कमी होतात म्हणू. चार्जिंग १३.० दाखवतंय.

---

शाहूपुरी_३ | मंगळवार, रात्री ९:२०

मग सरळ एक पुश बटन घ्या, बॅटरीवरून वायर थेट सोलेनॉइडला टाका. पी-एन चं झंझटच नको. आमच्या टेम्पोला दहा वर्षं तसंच हाय.

---

घाटवाटा | मंगळवार, रात्री ९:४८

असं अजिबात करू नका. टेम्पोची गोष्ट वेगळी. ऑटोमॅटिकमध्ये पी आणि एन सोडून सेल्फ लागू नये म्हणूनच तो स्विच दिलेला असतो. थेट बटन टाकलं आणि लिव्हर 'डी' मध्ये राहिला तर इंजिन चालू झाल्या झाल्या गाडी पुढं जाते. आमच्या अपार्टमेंटमध्ये एका जुन्या ऑटोमॅटिकला कुणीतरी असंच बटन लावून दिलं होतं, चालवणाऱ्या आजोबांना माहीत नव्हतं, गाडी भिंतीवर गेली, समोर कोणी नव्हतं हे नशीब. ही गाडी तर वडील चालवणार आहेत. त्या स्विचला वळसा घालू नका, तो दुरुस्त करा.

मला पण २०१९ च्या पुरानंतर हाच त्रास झालेला म्हणून लिहितेय. गाडीत पाणी इंजिनपर्यंत गेलं नव्हतं, गिअरबॉक्सच्या निम्म्यापर्यंतच होतं, त्यामुळं आम्ही निर्धास्त. चार महिन्यांनी गगनबावड्याला जाताना करूळ घाटाच्या अलीकडं चहाला थांबलो आणि पी मध्ये सेल्फ लागेना. ऑटोमॅटिकला ढकलस्टार्ट नाही, किती माणसं लावा, गिअरबॉक्सचा पंप इंजिननं फिरतो, इंजिन बंद तर आत प्रेशरच नाही, चाकाची ताकद इंजिनपर्यंत पोचतच नाही. शेवटी एका एसटी ड्रायव्हर काकांनी सांगितलं, एन मध्ये टाकून बघा ताई. लागली. त्या दिवसापासून एन लक्षात ठेवलं. कोल्हापुरात आल्यावर बघितलं तर गिअरबॉक्सवरच्या त्या स्विचच्या सॉकेटमध्ये पिना हिरव्या पडलेल्या.

आणि टो करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलूनच करा, पुढच्या चाकाच्या ऑटोमॅटिकला जमिनीवर ओढत नेऊ नका.

---

शाहूपुरी_३ | मंगळवार, रात्री ९:५५

ताई बरोबर आहे तुमचं. मी टेम्पोच्या हिशेबानं बोललो. माझं ते सांगणं कुणी करू नका.

---

सेल्फवाला_उद्यमनगर | मंगळवार, रात्री ११:१५

आता सापडलं म्हणा. ताईंनी जे लिहिलंय तो तुमचा एक आजार, पी चा दिवा लागत नाही म्हणजे गिअरबॉक्सवरच्या स्विचला पी कळतच नाही. त्याचं उद्या. मोठा आजार दुसरा आहे आणि तो तुम्हीच आकड्यात लिहून दिलाय.

टक् करताना हेडलाइट मंद होत नाहीत. एवढ्या इंजिनला फिरवायला सेल्फ शंभर-दीडशे अँपियर, कधी त्याच्या वर ओढतो. एवढा करंट खरंच बॅटरीतून निघाला असता तर दिवे खाली बसले असते. मोटर आतून जाम असती तर दिवे पार झोपले असते. दिवे तसेच, म्हणजे करंट निघतच नाही, रस्त्यात कुठंतरी अडलाय.

आणि चार्जिंग १३.०. अल्टरनेटर पण इंजिनलाच बोल्ट केलेला, सेल्फ पण इंजिनलाच. दोघांचा निगेटिव्ह रस्ता एकच, इंजिनची अर्थ. सेल्फला करंट मिळत नाही आणि अल्टरनेटरचं पूर्ण पोचत नाही, तर दोघांच्या मधला जो सामायिक रस्ता आहे तो बघायचा का मोटरी बदलत बसायचं? फक्त एक, काही गाड्यांत लोड कमी असला की अल्टरनेटर मुद्दामच कमी देतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून परत मोजा. तेव्हा १४ च्या आसपास आलं पाहिजे.

माझा पैजेवर अंदाज, इंजिन ते बॉडी अर्थ पट्टा. इंजिन उतरवताना सगळ्यात आधी सुटतो आणि बसवताना सगळ्यात शेवटी आठवतो.

पण अंदाजावर पैसे घालू नका, मोजा. ओहमवर मोजू नका बरं का, त्यात फसता. शंभर तारांतली एक तार जोडलेली असली तरी मीटर शून्यच दाखवतो, कारण मीटर नावापुरताच करंट सोडतो. करंट वाहत असताना मोजायचं. असं करा:

गाडी पी मध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढं-मागं दगड. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक माणूस चावीवर, एक मीटरवर. पहिलं, लाल काळी दोन्ही बॅटरीच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर, चावी मारायला सांगा आणि आकडा लिहा. दुसरं, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि लाल इंजिनच्या उघड्या लोखंडावर किंवा अल्युमिनियमवर, चावी मारा. ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे. तिसरं, काळी तिथंच आणि लाल बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. चौथं, लाल बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, अर्ध्या व्होल्टच्या आत. प्रत्येक वेळी चावी चार-पाच सेकंदाच्या वर धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा, मोटर तापते.

हे गाडी गरम असताना करा. तुमचं दुखणं गरम असतानाच येतंय.

---

गडहिंग्लजकर | बुधवार, सकाळी ६:३०

वाचतोय. माझ्या व्हॅनला पण हेच असेल असं वाटायला लागलंय. अण्णा एक शंका, आपण याला सेल्फ का म्हणतो?

---

सेल्फवाला_उद्यमनगर | बुधवार, सकाळी ८:०५

सेल्फ-स्टार्टर मधला सेल्फ. आधी गाड्या पुढून हँडल मारून चालू करायच्या, हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला, चार्ल्स केटरिंग म्हणून इंजिनिअर होते त्यांचं काम. गाडी स्वतःच स्वतःला चालू करते म्हणून सेल्फ. आमच्या उस्तादांनी सांगितलेलं.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री १०:३०

अण्णा, हात जोडतो तुम्हाला.

गाडी रंकाळ्याला एक चक्कर मारून आणली, गरम केली. भाऊ चावीवर, मी मीटरवर, वडील वहीत लिहून घेत होते. जसं आलं तसं देतो.

टक् करताना बॅटरीवर १२.१. बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ५.९. पुन्हा लिहितो, पाच पॉइंट नऊ! आधी वाटलं मीटर चुकला, तीनदा केलं, ५.८, ५.९, ५.९. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी ०.०४. पॉझिटिव्ह ते सेल्फचा बोल्ट ०.१.

वडिलांनी वहीतच वजाबाकी केली, १२.१ मधून ५.९ आणि ०.१ गेले, म्हणजे सेल्फला मिळतायत ६.१. निम्मे.

हेडलाइट आणि एसी लावून चार्जिंग बॅटरीवर १३.१, आणि अल्टरनेटरच्या बोल्टवर लाल, त्याच्याच बॉडीवर काळी लावून मोजलं तर १४.३. तुम्ही म्हणाला तसंच, अल्टरनेटर देतोय पण वाटेतच जातंय.

मग जंपर केबल काढली, एक टोक बॅटरी निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उचलायच्या हुकाला लावलं आणि चावी मारली. काय फिरलं म्हणून सांगू! तीन मोटरी बदलून असा आवाज एकदाही आला नव्हता. वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले.

अजून एक. जंपर लावायच्या आधी चार-पाच वेळा चावी मारल्यावर गिअरच्या केबलला हात लावला तर कोमट लागली. त्याचा काही संबंध?

---

सेल्फवाला_उद्यमनगर | बुधवार, रात्री १०:५०

आहे ना! अर्थचा रस्ता बंद झाला की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनवरून बॉडीकडं जाणारी प्रत्येक धातूची वस्तू, गिअर केबल, बारक्या सेन्सर वायरींची अर्थ, सगळ्यातून थोडा थोडा जातो. त्या काही सेल्फचा करंट न्यायला केलेल्या नसतात. लई दिवस तसंच चालवलं असतं तर केबलचं प्लास्टिक वितळून केबल जाम झाली असती. आता नवा पट्टा पडेपर्यंत सेल्फ मारू नका.

पट्टा शोधा आणि फोटो टाका.

---

पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री ८:१५

फोटो टाकलेत खाली, पण जे बघितलं ते लिहितो पण, कारण फोटोत कळत नाही.

पट्टा होता. अण्णा, तुमचा अंदाज तेवढा एक चुकला, विसरलेला नव्हता, लावलेला होता. बॅटरी ट्रे काढला की खाली एक विणलेला तांब्याचा पट्टा, एक टोक बॉडीला आणि दुसरं इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटला. वरून बघितलं तर झकास, बोल्ट घट्ट, पान्यानं हलेना. म्हणूनच गॅरेजमध्ये कुणाला शंका आली नसेल.

बोल्ट काढला. ब्रॅकेटला नवा काळा रंग मारलेला, इंजिन बसवताना सगळं चकाचक दिसावं म्हणून प्रेमानं मारलेला, दोन थर. पट्ट्याचा लग, म्हणजे टोकाची भोकाची चकती, त्या रंगावर बसवलेला. रंगावर लगचा गोल ठसा उमटलेला आणि त्या गोलाच्या आत बोटाच्या नखाएवढ्या एका जागी रंग जळून लोखंड उघडं पडलेलं, त्याच्याभोवती निळसर डाग. त्या नखाएवढ्या जागेवरून इतके दिवस माझी गाडी चालू होत होती.

आणि पट्टा स्वतः. बॉडीकडच्या टोकाला रबराची नळी होती ती कापली तर आत तांबं नाहीच, हिरवी पावडर. नळी झटकली की भुकटी पडली, वासाला ओलसर मातीसारखी, पुराच्या पाण्याच्या गाळाचा तोच वास, जुलै २०२१ मध्ये घर धुताना आठ दिवस नाकात होता. वडिलांनी पण वास घेतला आणि काही बोलले नाहीत. नुसतं हिरवं झालेलं ते टोक हातात घेऊन बसले.

मला काय वाटलं सांगू. आम्ही इंजिन नवीन आणलं, पण ते बुडालेल्या गाडीत बसवलं. वायरिंग, सॉकेट, अर्थ पॉइंट सगळं तीन वर्षं तसंच कुजत होतं आणि आम्ही इंजिनकडंच बघत होतो.

---

घाटवाटा | गुरुवार, रात्री ८:४०

वाचून अंगावर काटा आला. वडिलांना सांगा, गाडी वाचली.

---

सेल्फवाला_उद्यमनगर | गुरुवार, रात्री ९:३०

रंगाचं ध्यानात घेतलं नव्हतं मी. पट्टा विसरलाय एवढंच डोक्यात. घट्ट बोल्टनं माझी पण फसगत झाली असती.

आता असं करा. पट्टा तयार घेऊ नका, २५ स्क्वेअर एमएम ची तांब्याची केबल, दोन्ही टोकाला तांब्याचे लग आणि ते पक्कडीनं चेपू नका, क्रिम्पिंग मशिनवर दाबून घ्या. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतंय, माझ्याकडं आलात तर मी दाबून देतो, पैसे नको. ब्रॅकेटवर रंग लगच्या आकाराएवढा पेपरनं घासून पांढरं लोखंड काढा, बॉडीकडं पण तसंच. दात असलेला वायसर घाला. घट्ट केल्यावर मग वरून ग्रीस नाहीतर रंग मारा, आधी नाही. आणि एक जादाची केबल बॅटरी निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला टाका.

बॅटरी निगेटिव्ह आधी काढायची, सगळ्यात शेवटी लावायची.

---

इचलकरंजी_लूम | गुरुवार, रात्री १०:०२

बुडालेली गाडी असेल तर फ्यूज बॉक्सच्या खालची सॉकेट आणि सीटखालची पण उघडून बघा. आमच्याकडं लूमच्या पॅनलला पूर येऊन गेला की पहिलं काम अर्थिंग उघडायचं, मग मोटर. पॅनल वरून कोरडं दिसतं, आत लगखाली पाणी महिनाभर राहतं.

---

पंचगंगाकाठ | शनिवार, संध्याकाळी ७:००

काल उद्यमनगरात अण्णांकडं जाऊन केबल दाबून आणली. हायड्रॉलिक मशिनमध्ये लग घालून दाबला तेव्हा तार आणि लग एकजीव झाल्यासारखा दिसला, आणि अण्णांनी केबलला लटकून दाखवलं. पैसे खरंच घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

आज बसवली. आकडे: चावी मारताना बॅटरीवर १०.४, म्हणजे आता करंट खराखुरा निघतोय. निगेटिव्ह ते इंजिन ०.०७. पॉझिटिव्ह बाजू ०.२५. लोडवर चार्जिंग १४.२. आणि न मागितलेली एक गोष्ट मिळाली, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना जो झटका बसायचा तो पण गेला. मी समजत होतो गिअरबॉक्स म्हातारा झालाय.

मग पी चा आजार. गिअरबॉक्सवरच्या स्विचचं सॉकेट काढलं, ताईंनी लिहिलेलं तसंच, दोन पिना हिरव्या. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून टूथब्रशनं घासल्या, परत मारला, वाळू दिलं. तरी पी चा दिवा दहात एकदा चुकायचा. लिव्हर पुढं दाबला की लागायचा म्हणजे गिअर केबल किंचित कमी येत होती, इंजिन बसवताना केबल सोडून परत लावलेली. केबलचं सेटिंग नीट केलं. आता पी, आर, एन, डी प्रत्येकाचा दिवा लिव्हरबरोबर लागतोय. आर आणि डी मध्ये चावी मारून बघितली, ब्रेक दाबून, सेल्फ लागत नाही, लागायलाच नको.

---

गडहिंग्लजकर | शनिवार, रात्री ८:२०

माझ्या व्हॅनचं मोजलं. निगेटिव्ह ते इंजिन १.४. उद्या पट्टा काढतोय. धन्यवाद सगळ्यांना.

---

घाटवाटा | शनिवार, रात्री ८:३५

एक विसरू नका. आरसीवर जुन्या इंजिनचा नंबर आहे. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते, १४ दिवसांच्या आत. इंजिन घेतल्याची पावती आणि डोनर गाडीचे कागद जपून ठेवा, ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही हे तुम्हालाच दाखवायला लागेल. आणि २०१० ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं, रिपासिंगला इंजिन नंबर बघतातच. विमा कंपनीला पण लेखी कळवा.

---

पंचगंगाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

ताई, पावती आहे, डोनरच्या आरसीची झेरॉक्स पण घेतलीय, पण नोंद राहिलीय. सोमवारी पहिलं तेच काम.

---

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ८:४५

आज वडिलांनी गाडी चालवली. जोतिबाला गेलो होतो. ते चालवत होते, मी शेजारी, आई मागं. डोंगर चढून वर गेल्यावर इंजिन चांगलं तापलेलं होतं, पार्क केली, बंद केली. दर्शन घेऊन गुलाल लावून पाऊण तासानं आलो, तेवढ्यात गार झाली असणार म्हणून मी काही बोललो नाही. पण खाली येताना केर्लीजवळ ऊसाच्या रसाला थांबलो. गाडी बंद केल्याला मोजून सात मिनिटं झालेली. ही तीच वेळ, याच वेळेला टक् करायची. मी डिकीतनं जंपर केबल काढून हातात धरून उभा.

वडिलांनी लिव्हर बघितला, पी चा दिवा बघितला, चावी फिरवली. अर्ध्या सेकंदात लागली.

त्यांनी बंद केली आणि परत लावली. मग परत बंद करून परत लावली. रसवाला बघत होता. आई म्हणाली आता बास करा की हो, तर म्हणाले थांब, अजून एकदा.